लक्ष्मणराव किर्लोस्कर

लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर (जन्म : २० जून १८६९, गुर्लहोसूर, जिल्हा बेळगाव, मृत्यू : २६ सप्टेंबर १९५६) हे महाराष्ट्रातील आद्य यंत्रोद्योजकांपैकी एक, किर्लोस्कर उद्योगसमूहाचे संस्थापक आणि सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडी या उद्योगवसाहतीचे निर्माते होते. सायकलींच्या विक्री-दुरुस्तीच्या छोट्या दुकानापासून त्यांनी आपल्या व्यवसायास आरंभ केला. पुढे कडबा कापण्याचे यंत्र, लोखंडी नांगर, उसाचा चरक, पंप आणि तेलावर चालणारे इंजिन अशा क्रमाने त्यांच्या कारखान्याचा विस्तार झाला. अभियांत्रिकीची पदवी, वडिलोपार्जित भांडवल किंवा व्यापारी घराण्याची परंपरा यांपैकी काहीही त्यांच्यापाशी नव्हते. नवा उद्योग कसा सुरू करावा, तो अडचणीच्या काळात कसा टिकवावा आणि कोणत्या क्रमाने वाढवावा, या दृष्टीने त्यांचे चरित्र आजही अभ्यासले जाते.

बालपण आणि कौटुंबिक पार्श्वभूमी

लक्ष्मणरावांचा जन्म बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आता कर्नाटक राज्यात आहे. त्यांचे वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे अभ्यासक होते. घरातील वातावरण विद्याव्यासंगाचे होते. परंतु लक्ष्मणरावांचे मन शालेय पुस्तकांत फारसे रमले नाही. चित्रे काढणे आणि यंत्रांची रचना न्याहाळणे यांकडे त्यांचा लहानपणापासून ओढा होता. शाळेतील सामान्य प्रगती पाहता त्यांनी चित्रकला शिकावी ही कल्पना घरच्या वडीलधाऱ्यांना रुचणारी नव्हती. थोरले बंधू रामचंद्र उर्फ रामूअण्णा यांनी मात्र त्यांची बाजू घेतली व शिक्षणासाठी आर्थिक साहाय्य देऊ केले. भावाभावांमधील हा विश्वास पुढे सर्व उद्योगाचा पाया ठरला. कंपनीच्या नावातील 'बंधू' हा शब्द रामूअण्णा आणि लक्ष्मणराव या दोघांचा निदर्शक आहे.

मुंबईतील शिक्षण व नोकरी

१८८५ मध्ये लक्ष्मणरावांनी मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभॉय कलाशाळेत प्रवेश घेतला. सुमारे दोन वर्षांच्या अभ्यासानंतर त्यांना अंशतः रंगांधळेपणा असल्याचे लक्षात आले. रंगांच्या छटा अचूक ओळखता येत नसल्यामुळे चित्रकाराचा व्यवसाय त्यांना सोडून द्यावा लागला. तथापि यंत्रांची रेखाचित्रे काढण्यासाठी रंगांची गरज नव्हती. या विषयात त्यांनी प्रावीण्य मिळवले आणि त्या बळावर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत यांत्रिक आरेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून त्यांची नेमणूक झाली.

ही संस्था नुकतीच स्थापन झालेली होती. तिच्या कार्यशाळेतील यंत्रे हाताळण्याची, खोलून पाहण्याची व दुरुस्त करण्याची संधी लक्ष्मणरावांना मिळाली. त्यांचे यंत्रविषयक शिक्षण मुख्यतः येथेच आणि स्वतःच्या प्रयत्नाने झाले. शिक्षकाची नोकरी सांभाळून फावल्या वेळात लहानसहान वस्तू तयार करून विकण्याचे प्रयोगही त्यांनी केले. त्या प्रयोगांतून मोठा फायदा झाला नाही; परंतु वस्तू तयार करणे, तिचा खर्च काढणे आणि ग्राहक मिळवणे ही तीन कामे भिन्न आहेत, याचा अनुभव त्यांना मिळाला.

सुमारे दहा वर्षांच्या नोकरीनंतर पदोन्नतीची वेळ आली, तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन व्यक्तीची नेमणूक करण्यात आली. त्या काळातील सरकारी व निमसरकारी संस्थांत असे प्रसंग सर्रास घडत. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावास परतले.

बेळगावातील सायकलींचे दुकान

लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली तेव्हा त्यांचा व्यवसाय आधीच उभा राहिलेला होता, ही बाब महत्त्वाची आहे. १८८८ हे किर्लोस्कर उद्योगाचे आरंभवर्ष मानले जाते. सायकल हे वाहन तेव्हा भारतात अगदी नवे होते. समान आकाराच्या दोन चाकांची, साखळीवर चालणारी सायकल इंग्लंडमध्ये १८८५ मध्ये बाजारात आली, तर हवा भरलेली रबरी धाव १८८८ मध्ये वापरात आली. लक्ष्मणराव मुंबईत सायकली खरेदी करून बेळगावास पाठवीत आणि रामूअण्णा तेथे त्यांची विक्री करीत. एका सायकलीची किंमत ७०० ते १,००० रुपयांपर्यंत असे. सायकल चालवण्यास शिकवण्याची १५ रुपये फी ते घेत. विक्रीला शिकवणीची व दुरुस्तीची जोड दिल्यामुळे नवख्या ग्राहकाची भीती कमी झाली आणि दुकानालाही सतत काम मिळत राहिले. ज्या रस्त्याशी या व्यवसायाचे नाते जुळले, तो बेळगावात आजही किर्लोस्कर रस्ता म्हणून ओळखला जातो.

सायकलींचा व्यापार हा दुसऱ्याने तयार केलेला माल विकण्याचा व्यापार होता. अन्य विक्रेते या क्षेत्रात उतरल्यावर त्यातील नफा घटणे अटळ होते. लक्ष्मणरावांची ओढ स्वतः वस्तू निर्माण करण्याकडे होती. मुंबईहून परतल्यावर त्यांनी मोजकी यंत्रे घेऊन एक छोटी कार्यशाळा उभारली.

कडबा कापण्याचे यंत्र

कारखान्यातून बाहेर पडलेल्या आरंभीच्या वस्तूंत कडबा कापण्याच्या यंत्राचा समावेश होतो. दख्खनच्या पठारावर ज्वारीचा कडबा हे जनावरांचे मुख्य वैरण होय. अख्खा कडबा जनावरांपुढे टाकल्यास ती पाने खातात आणि जाड ताटे तुडवून वाया घालवतात. ताटांचे बारीक तुकडे म्हणजे कुट्टी केल्यास वैरण पुरवून खाता येते. दुष्काळी भागात या बचतीचे मोल अधिक असते. विलायती यंत्रे महाग होती व त्यांचे सुटे भाग सहजी मिळत नसत. अशा वस्तूला मागणी आहे हे लक्ष्मणरावांनी हेरले व ती आपल्या कार्यशाळेत तयार केली. शेतकरी हा ग्राहक आणि शेतीची अवजारे हा माल, ही उद्योगाची दिशा येथे निश्चित झाली.

लोखंडी नांगर

१९०३ मध्ये लक्ष्मणरावांनी लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन केवळ उकरतो. तिचा थर उलथत नाही. लोखंडी नांगराचे वक्र पाते मातीचा थर कापून उलटा पाडते. त्यामुळे हरळी, कुंदा यांसारख्या खोल मुळांच्या तणांचा उपद्रव कमी होतो आणि उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीत पावसाचे पाणी अधिक मुरते. इंग्लंडमधून आयात होणारे लोखंडी नांगर त्या वेळी उपलब्ध होते. परंतु त्यांची किंमत सामान्य शेतकऱ्याच्या आवाक्याबाहेरची होती.

नांगर तयार झाला, पण तो विकत घेण्यास कोणी पुढे येईना. लोखंडामुळे जमीन विषारी होते व पीक बुडते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. लाकडी नांगर गावच्या सुताराकडून बलुत्याच्या व्यवहारात मिळत असे आणि मोडल्यास तोच तो दुरुस्त करून देई. लोखंडी नांगराला मात्र रोख पैसे मोजावे लागत. बैलही अधिक लागत. पहिले सहा नांगर विकले जाण्यास दोन वर्षे लागली.

किर्लोस्करांच्या उद्योगातील हा अत्यंत कसोटीचा काळ होता. तयार माल पडून होता, भांडवल त्यात अडकले होते आणि सायकलींच्या धंद्याचा आधार पूर्वीसारखा राहिला नव्हता. या काळात लक्ष्मणरावांनी नांगराचे उत्पादन बंद केले नाही. इतर लहान कामांतून कार्यशाळेचा खर्च भागवीत त्यांनी तो काळ निभावून नेला. शेतकऱ्याची शंका केवळ बोलून दूर होणारी नव्हती. शेजाऱ्याच्या शेतातील पीक पाहिल्यावरच ती जाणार होती. पहिल्या काही ग्राहकांच्या शेतांत नांगर चांगला चालला, तसे नांगराचे नाव हळूहळू पसरू लागले. झिजणारा फाळ बदलता येणे आणि बदली फाळ वेळेवर मिळणे याला शेतकऱ्याच्या दृष्टीने मोठे महत्त्व होते. दूरच्या विलायती कारखान्यापेक्षा जवळचा देशी कारखाना या बाबतीत सरस ठरला. १९०५ नंतर स्वदेशीच्या चळवळीने देशी मालाविषयी जी आस्था निर्माण केली, तीही या उद्योगास पोषक ठरली.

बेळगाव सोडण्याची वेळ

नांगराला मागणी येऊ लागली असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने कारखान्याची जागा नव्या वसाहतीसाठी हवी असल्याचे कळवले. कारखाना अन्यत्र हलवणे भाग पडले. यंत्रे, भट्टी, कसबी कामगार आणि ग्राहकांचा नुकताच जमू लागलेला राबता, हे सर्व एकाच वेळी विस्कटण्याचा धोका होता. नवी जमीन विकत घेण्याइतका पैसाही हाताशी नव्हता.

या सुमारास लक्ष्मणरावांकडे औंध संस्थानात बांधकामाचे एक काम होते. त्यानिमित्ताने संस्थानाधिपती भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा परिचय झाला. पंतप्रतिनिधी हे चित्रकार व कलासंग्राहक होते आणि आपल्या छोट्या संस्थानात उद्योग यावेत अशी त्यांची इच्छा होती. लक्ष्मणरावांची अडचण कळल्यावर त्यांनी संस्थानात हवी ती जागा निवडण्यास सांगितले आणि १०,००० रुपयांचे बिनव्याजी कर्ज दिले.

लक्ष्मणरावांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळची सुमारे ३२ एकर जमीन निवडली. जमीन ओसाड होती. तेथे निवडुंगाचे रान माजले होते व सापांचा सुळसुळाट होता. शेतीच्या दृष्टीने तिचे मोल नव्हते. कारखान्याच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक मोठा गुण होता. रेल्वे अगदी जवळ होती. कच्चे लोखंड व कोळसा आणणे आणि जड नांगर दूरच्या बाजारपेठांत पाठवणे या दोन्ही गोष्टी त्यामुळे सुकर होणार होत्या.

किर्लोस्करवाडीची स्थापना

१० मार्च १९१० रोजी लक्ष्मणराव आपले कुटुंबीय व सुमारे २५ कामगारांसह या माळावर आले. निवडुंग तोडून जागा साफ करण्यापासून कामास आरंभ झाला. कारखान्याबरोबरच राहण्याची घरे, पाणी, आरोग्य, टपाल व मुलांचे शिक्षण यांची व्यवस्था करणे आवश्यक होते, कारण आसपास यांपैकी काहीच नव्हते. अशा रीतीने कारखान्याभोवती एक वसाहत आकारास आली. पुढे रेल्वे स्थानकाचे नावही किर्लोस्करवाडी असे झाले.

याच काळात देशाच्या पूर्व भागात साकची येथे टाटांचा पोलाद कारखाना व त्याभोवतीचे नगर उभे राहत होते. १९१९ मध्ये त्यास जमशेदपूर हे नाव मिळाले. टाटांच्या प्रकल्पामागे जनतेकडून उभारलेले प्रचंड भागभांडवल होते. किर्लोस्करवाडीमागे एका लहान संस्थानिकाचे कर्ज, सायकलींच्या व अवजारांच्या धंद्यातील अनुभव आणि मूठभर माणसे होती. भारतातील पहिल्या उद्योगनगरांत या दोहोंची गणना होते.

सहकारी

किर्लोस्करवाडीच्या उभारणीत लक्ष्मणरावांनी निवडलेल्या माणसांचा वाटा मोठा आहे. वसाहतीचा कारभार रामूअण्णा पाहत. के. के. कुलकर्णी यांनी विक्रीची बाजू सांभाळली. मंगेशराव रेगे हिशेब व कार्यालयीन काम पाहत. शंभूअण्णा जांभेकर व अनंतराव फळणीकर यांनी यंत्रांचे काम अंगावर घेतले. यांपैकी फळणीकरांचे शिक्षण अर्धवट राहिलेले होते. लक्ष्मणराव स्वतः पदवीविना यंत्रशास्त्र शिकले असल्यामुळे प्रमाणपत्रापेक्षा हातातील कसब व शिकण्याची तयारी त्यांना अधिक मोलाची वाटे.

वसाहतीच्या पहाऱ्याचे काम त्यांनी पूर्वी गुन्हेगार ठरलेल्या माणसांकडे सोपवले. समाजाने ज्यांना दूर लोटले त्यांना जबाबदारीचे काम दिल्यास ती विश्वासास पात्र ठरतात, अशी त्यांची धारणा होती आणि अनुभवही तसाच आला. वसाहतीत अस्पृश्यता पाळली जात नसे. लक्ष्मणराव बुद्धिवादी विचारांचे होते. कर्मकांडाचा पगडा त्यांच्यावर नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या ग्रामीण महाराष्ट्रात जातीचा विचार बाजूस सारून माणसे एकत्र राहतील व काम करतील अशी वस्ती उभारणे ही मोठी सामाजिक घटना होती.

पहिले महायुद्ध

१९१४ मध्ये पहिले महायुद्ध सुरू झाले. विलायती नांगरांची आयात घटल्यामुळे किर्लोस्कर नांगरांची मागणी वाढली. परंतु त्याच युद्धामुळे लोखंड व कोळसाही दुर्मिळ झाले. ग्राहक दाराशी आहे, पण माल तयार करण्यास कच्चा माल नाही, अशी विचित्र स्थिती निर्माण झाली. लक्ष्मणरावांनी मोडीचे लोखंड मिळेल तेथून जमवण्यास आरंभ केला. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील जुन्या, निकामी तोफा त्यांना नांगरांच्या ओतकामासाठी दिल्या. युद्धासाठी घडवलेले लोखंड अशा प्रकारे शेतात आले.

टंचाईच्या या वर्षांत कारखान्याने ग्राहकांचा विश्वास संपादन केला. युद्ध संपल्यावर विदेशी माल पुन्हा येऊ लागला, तेव्हा किर्लोस्कर नांगराला त्याच्याशी दोन हात करता आले, ते या विश्वासाच्या बळावर.

मर्यादित कंपनी

१५ जानेवारी १९२० रोजी किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड या मर्यादित कंपनीची नोंदणी झाली. तोपर्यंत हा कौटुंबिक व्यवसाय होता. कंपनी स्थापन झाल्यामुळे भागधारकांकडून भांडवल उभारणे शक्य झाले व हिशेब, जबाबदाऱ्या आणि मालकी यांना कायदेशीर चौकट मिळाली. १८८८ पासून मोजल्यास या टप्प्यापर्यंत येण्यास ३२ वर्षे लागली. वस्तू सिद्ध झाली, ग्राहक मिळाले आणि कारखाना स्थिरावला, त्यानंतर बाहेरचे भांडवल घेतले गेले, हा क्रम लक्षणीय आहे.

प्रसिद्धी व नियतकालिके

आपल्या अवजारांची माहिती विखुरलेल्या शेतकऱ्यांपर्यंत पोहोचवणे हे कारखान्यापुढील मोठे काम होते. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर हे उत्तम चित्रकार व जाहिरातकार होते. त्यांच्या संपादनाखाली १९२० मध्ये 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू झाले. आरंभी कारखान्याच्या वार्ता व मालाची माहिती देणारे हे पत्र पुढे 'किर्लोस्कर' या नावाने मराठीतील अग्रगण्य मासिकांपैकी एक बनले. १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली. विज्ञाननिष्ठा, उद्योगशीलता, स्त्रीशिक्षण व समाजसुधारणा यांचा पुरस्कार या मासिकांनी केला. यंत्रांच्या कारखान्यातून मराठी वाङ्मयीन जीवनावर एवढा प्रभाव पाडणारी मासिके निघावीत, हे उदाहरण विरळा आहे.

उत्पादनांचा विस्तार

किर्लोस्करांची उत्पादने एकापाठोपाठ एक कशी येत गेली हे पाहण्यासारखे आहे. नांगरानंतर उसाचा रस काढणारा लोखंडी चरक आला. कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यातील गुऱ्हाळांत त्याला मागणी होती. भुईमुगाची लागवड वाढली, तशी शेंगा फोडण्याची यंत्रे तयार झाली. शेतीला पाणी देण्यासाठी तोवर बैलांची मोट हेच मुख्य साधन होते. १९२० च्या दशकात कारखान्याने पंपांचे उत्पादन हाती घेतले. १९२६ च्या सुमारास केंद्रोत्सारी पंप व डिझेल इंजिन तयार झाले. भारतात निर्माण झालेल्या या प्रकारच्या आरंभीच्या यंत्रांत त्यांची गणना होते.

पंप आणि इंजिन यांचा संबंध उघड होता. खेड्यात वीज नव्हती. म्हणून पंप विकायचा तर तो चालवणारे इंजिनही देणे आवश्यक होते. पुढे वीज आली, तेव्हा विजेवर चालणारी मोटार हे स्वाभाविक पुढचे पाऊल ठरले. ही सर्व यंत्रे तयार करण्यासाठी लेथसारखी यंत्रे लागत. तीही आयात करण्याऐवजी येथेच बनवण्याचा विचार त्यातून आला. प्रत्येक नवी वस्तू आधीच्या ग्राहकाच्या किंवा कारखान्याच्याच पुढच्या गरजेतून आलेली दिसते. १९३० च्या आसपासच्या जागतिक मंदीत शेतमालाचे भाव कोसळले व शेतकऱ्याची खरेदीशक्ती आटली. अशा काळात कारखान्याने लोखंडी फर्निचरसारख्या, शेतीवर अवलंबून नसलेल्या वस्तूही बनवल्या.

दुसरी पिढी

लक्ष्मणराव व त्यांच्या पत्नी राधाबाई यांचे ज्येष्ठ पुत्र शंतनुराव (१९०३–१९९४) यांनी अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रविज्ञान संस्थेत यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९२६ मध्ये परतल्यावर ते कारखान्यात रुजू झाले. वडिलांना जे ज्ञान नोकरी सांभाळून, चुकतमाकत मिळवावे लागले, ते मुलाने पद्धतशीर रीतीने मिळवावे अशी व्यवस्था लक्ष्मणरावांनी केली. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानातील हरिहर येथे यंत्रसाधनांचा कारखाना निघाला. त्याची धुरा पुत्र राजाराम यांनी वाहिली. १९४६ मध्ये पुणे येथे किर्लोस्कर ऑइल इंजिन्स व बंगळूर येथे किर्लोस्कर इलेक्ट्रिक या कंपन्या स्थापन झाल्या. बंगळूरच्या कंपनीची जबाबदारी पुत्र रवींद्र यांच्याकडे होती. लक्ष्मणरावांच्या हयातीतच उद्योग किर्लोस्करवाडीच्या सीमा ओलांडून गेला होता.

१९४८ चा आघात

३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधी यांची हत्या झाली. त्यानंतर पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांविरुद्ध दंगली उसळल्या. त्यांत किर्लोस्करवाडीच्या कारखान्यास आग लावण्यात आली व मोठी हानी झाली. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. ज्या वस्तीत जातिभेदाला थारा नव्हता, तिलाच जातीय द्वेषाची झळ बसावी, हा या घटनेतील दुःखद विपर्यास होय. कारखाना तेथून हलवण्यात आला नाही. तो त्याच जागी पुन्हा उभारण्यात आला व उत्पादन सुरू झाले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी वयाच्या ८७ व्या वर्षी लक्ष्मणरावांचे निधन झाले.

उद्योगउभारणीची पद्धत

लक्ष्मणरावांच्या कार्यपद्धतीतील पुढील बाबी नवउद्योजकांच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहेत.

नोकरी व व्यवसाय यांतील संक्रमण. शिक्षकाचे वेतन चालू असतानाच बेळगावातील दुकान सुरू झाले होते. त्यामुळे राजीनाम्यानंतर उपजीविकेचा प्रश्न एकाएकी उभा राहिला नाही.

व्यापाराकडून निर्मितीकडे. दुसऱ्याचा माल विकताना व दुरुस्त करताना ग्राहकाची गरज आणि यंत्रातील दोष दोन्ही कळले. स्वतःची निर्मिती त्या ज्ञानावर आधारलेली होती.

ग्राहकाच्या नकाराचा अर्थ लावणे. नांगर दोन वर्षे विकला गेला नाही याचे कारण नांगराच्या घडणीत नव्हते. ते शेतकऱ्याच्या समजुतीत व व्यवहारात होते. दोषाचे नेमके स्थान ओळखल्यामुळे योग्य वस्तू अकाली सोडून देण्याची चूक टळली. अर्थात, थांबण्याइतकी आर्थिक ताकद असल्याखेरीज असा धीर धरता येत नाही. ती ताकद इतर लहान कामांतून मिळवण्यात आली.

जागेची निवड. जमिनीच्या सुपीकतेपेक्षा रेल्वेचे सान्निध्य महत्त्वाचे मानले गेले.

माणसांची निवड. पदवी, जात व पूर्वायुष्य यांपेक्षा कसब व विश्वासार्हता यांना प्राधान्य मिळाले.

या यशाला काही मर्यादाही आहेत. आरंभीची बरीच उत्पादने विदेशी नमुन्यांवर बेतलेली होती. त्यांत स्थानिक गरजेनुसार बदल करणे हे किर्लोस्करांचे मुख्य योगदान होते. औंधच्या अधिपतींचा आश्रय मिळाला नसता, तर बेळगावातून उठल्यावर उद्योग टिकला असता की नाही हे सांगणे कठीण आहे. उद्योगाची सूत्रे मुख्यतः कुटुंबाकडेच राहिली. यास्तव त्यांच्या चरित्राकडे केवळ व्यक्तिगत जिद्दीची कथा म्हणून पाहणे अपुरे ठरते. भावाचा विश्वास, संस्थानिकाचे पाठबळ, सहकाऱ्यांचे श्रम आणि स्वदेशीचे वातावरण यांचाही त्यात वाटा आहे.

स्मृती व वारसा

लक्ष्मणरावांच्या जन्मशताब्दीनिमित्त २० जून १९६९ रोजी भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ टपाल तिकीट प्रसृत केले. किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात असून तेथील कारखान्यात पंपांचे उत्पादन चालू आहे.

लक्ष्मणरावांच्या काळात मराठवाडा निजामाच्या राज्यात होता व तेथे यंत्रोद्योगाची वाढ फारशी झालेली नव्हती. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाल्यानंतर औरंगाबाद, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या परिसरात चिकलठाणा व वाळूज या औद्योगिक वसाहती विकसित झाल्या. पुढे शेंद्रा व बिडकीन येथे ऑरिक या नियोजित औद्योगिक नगराची उभारणी सुरू झाली. जुलै २०२४ मध्ये टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीने छत्रपती संभाजीनगर येथे सुमारे २०,००० कोटी रुपयांच्या मोटारनिर्मिती प्रकल्पासाठी महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. रस्ते, वीज, पाणी व भूखंड यांची सोय असलेल्या वसाहतीत आजचा उद्योजक आपले काम सुरू करू शकतो. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर यांपैकी बहुतेक गोष्टी कारखानदारालाच उभ्या कराव्या लागल्या. शेतकऱ्याच्या शंकेपुढे पडून राहिलेले ते पहिले सहा नांगर हा या वारशाचा आरंभबिंदू होय.